ब्रेकचं एस्टिमेट: पॅड बदलायला गेलो आणि हातात यादी आली

निवांत_चालक (धागाकर्ता)

गाडी साडेसहा वर्षांची, ५८ हजार किलोमीटर झालेली. पुढे डिस्क (चाकाबरोबर फिरणारी चकती, तिला कॅलिपर नावाचा चिमटा दोन्ही बाजूंनी पॅड दाबतो), मागे ड्रम (फिरणारा डबा, त्याला आतून शू घासतात). गेले पंधरा-वीस दिवस ब्रेकवर पाय ठेवला की डाव्या पुढच्या चाकातून किर्र असा बारीक आवाज येतोय, ओली काच बोटाने पुसल्यासारखा. पॅड संपले असणार असं धरून गाडी सर्व्हिस सेंटरला टाकली. दुपारी फोन. "सर, पुढचे पॅड, दोन्ही डिस्क, दोन्ही कॅलिपर, मागचे शू, दोन्ही ड्रम, ब्रेक ऑइल आणि ब्रेक क्लीनिंग. करून टाकू ना?"

एवढं सगळं एकदम कसं गेलं, असं विचारलं तर उत्तर आलं, "सर, ब्रेकचं काम आहे, सेफ्टीचा प्रश्न आहे." या वाक्यापुढे माणसाने बोलायचं काय?

रकमा मुद्दाम लिहीत नाही. प्रत्येक गाडीच्या वेगळ्या असतात आणि मग धागा "मी तर इतक्यात केलं" यावर घसरतो. पुढच्या पॅडच्या सेटला १ धरा. त्या हिशेबात पॅड १, डिस्क २.२, कॅलिपर ३.२, शू ०.९, ड्रम १.६, ऑइल ०.३, क्लीनिंग ०.४, मजुरी १.४. बेरीज ११. गेलो होतो एकासाठी, सांगितले अकरा.

काम न करता गाडी परत आणली. यातलं खरं किती आणि भरताड किती? कार्डावर "पॅड ३० टक्के शिल्लक" एवढंच लिहिलंय.

लेथ_आणि_लोखंड

टक्के कशाचे? हा पहिला प्रश्न त्यांना विचारायला हवा होता. ब्रेकमध्ये टक्क्याला काही अर्थ नाही, मि.मी. सांगा.

समजा नव्या पॅडवर १० मि.मी. मसाला, म्हणजे घासून झिजणारा थर, आहे. (मागची लोखंडी पट्टी यात धरायची नाही, बरेच जण तिच्यासकट मोजतात आणि खूश होतात.) साधारण ३ मि.मी.ला पॅड बदलायचा असतो. म्हणजे वापरायला मिळतात ७ मि.मी. आता ५ मि.मी. उरलं तर मेकॅनिक म्हणणार "५० टक्के आहेत साहेब", पण वापरायचं उरलंय २ मि.मी. फक्त, ७ पैकी. पाऊण आयुष्याच्या आसपास संपलं. तुमचे ३० टक्के म्हणजे ३ मि.मी. असेल तर पॅड आजच गेलेत. वापरायच्या भागातले ३० टक्के असतील तर अजून बराच पल्ला आहे. कुठले ३० ते कार्ड लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसणार.

शिवाय पुढे पॅड चार असतात. चारही सारखे झिजले असं गृहीत धरू नका. चाकं काढा आणि आतला-बाहेरचा, डावा-उजवा असं प्रत्येकाचं माप घ्या. डिस्कच्या कडेला किंवा मधल्या टोपीवर किमान जाडी कोरलेली असते, तीही बघा. ड्रमवर कमाल व्यास असतो. एवढे आकडे इथे टाका, मग बोलू.

खटारा_झिंदाबाद

काही मोजू नका हो. पॅड टाका आणि चला. माझ्या गाडीने चार सेट पॅड खाल्ले, डिस्क अजून तीच. डिस्क बदलणं म्हणजे चपलेचा अंगठा तुटला म्हणून पाय बदलणं.

लेथ_आणि_लोखंड

खटारा, तुमच्या डिस्कची जाडी किती आहे सध्या?

खटारा_झिंदाबाद

माहीत नाही. पण ब्रेक लागतो ना!

लेथ_आणि_लोखंड

लागतो. पातळ डिस्कचा घोळ सपाट रस्त्यावर कळत नाही, लांब उतारावर कळतो. डिस्कचं काम घासून घेणं एवढंच नाही, उष्णता साठवणं आणि वाऱ्यावर सोडणं हेही आहे. लोखंड कमी म्हणजे तेवढ्याच उष्णतेला तापमान जास्त. हिशेब करून बघा: १२०० किलोची गाडी १०० च्या वेगावरून थांबवली तर साधारण ४ लाख ६३ हजार ज्यूल उष्णता तयार होते. दीड लिटर पाणी साध्या तापमानावरून उकळीला यायला जेवढी लागते तेवढी, आणि तीही चार-पाच सेकंदांत. तिचा मोठा वाटा पुढच्या दोन डिस्कवर, कारण ब्रेक मारल्यावर गाडी पुढे झुकते आणि वजन पुढच्या चाकांवर येतं. वेग दुप्पट झाला की हा आकडा चौपट. त्यामुळे ५०ने चालवणाऱ्याचे आणि १००ने चालवणाऱ्याचे पॅड एका मापाने झिजत नाहीत, यात नवल नाही.

सायलेन्सर_ताई

"ब्रेक क्लीनिंग ०.४" ही ओळ वाचून हसू आलं. पॅड बदलताना कॅलिपर उघडतोच, तेव्हा ब्रशने साफ करणं हे त्याच मजुरीत आलं पाहिजे. वेगळं बिल म्हणजे केस कापल्यावर मान झटकायचे निराळे पैसे.

मागच्या ड्रमचं मात्र तसं नाही. तिथे ड्रम काढून आतली भुकटी साफ करणं, ॲडजस्टर मोकळा करणं हे खरंखुरं काम आहे. कॉम्प्रेसरची हवा मारून उडवायची नसते, ती भुकटी छातीत जाते. ब्रेक क्लीनर मारून ओली करून पुसायची.

निवांत_चालक

काल सुट्टी होती. शेजारच्या काकांकडून व्हर्नियर आणला, जॅकखाली स्टँड लावले आणि चारही चाकं एकेक करून काढली. आकडे:

उजवीकडे पुढे: बाहेरचा पॅड ५.२, आतला ४.८.
डावीकडे पुढे: बाहेरचा ६.५, आतला २. दोन!

उजवी डिस्क २१.१, डावी २०.६. टोपीवर किमान २० कोरलंय. नवी २२ असते असं मॅन्युअलात आहे. कडेला गंजाची धार उभी राहिलीय, त्यामुळे व्हर्नियर थेट लावला की चुकीचं माप येतं. दोन्ही बाजूंना एकेक नाणं ठेवून मोजलं आणि नाण्यांची जाडी वजा केली. (ही युक्ती काकांची.)

मागे शूवर ४ मि.मी. लायनिंग आहे. ड्रमचा आतला व्यास २००.३, त्यावर कमाल २०१ लिहिलंय.

डाव्या आतल्या पॅडला एक छोटी वाकडी पत्र्याची पट्टी आहे, ती डिस्कला टेकून चकाकतेय. तोच आवाज असणार.

लेथ_आणि_लोखंड

हो, तीच. पॅड संपत आला की ती पट्टी मुद्दाम टेकते आणि ओरडते.

आता खरी गोष्ट सापडली. तुमचे पॅड संपलेले नाहीत, एकच पॅड संपलाय. डावीकडे आत २ आणि बाहेर ६.५ हा फरक म्हणजे कॅलिपर सरकत नाहीये. तुमचा कॅलिपर दोन पिनांवर इकडेतिकडे सरकणारा आहे. पिस्टन फक्त आतल्या बाजूला. तो आतला पॅड दाबतो, त्याच्या प्रतिक्रियेने अख्खा कॅलिपर आत सरकतो आणि बाहेरचा पॅड ओढून आणतो. पिनांचं ग्रीस वाळलं किंवा रबरी बूट फाटून पाणी शिरलं की पिन अडकते. मग आतल्या पॅडनेच सगळं करायचं, बाहेरचा नुसता बसून.

याला नवा कॅलिपर लागत नाही. पिना काढा, गंज असेल तर पॉलिश पेपरने साफ करा, खड्डे पडले असतील तर नव्या घ्या, बूट नवे घाला आणि ब्रेकसाठीचंच ग्रीस लावा. साधं चाकाचं ग्रीस नको. त्याने रबर फुगतं आणि सहा महिन्यांत पिन पुन्हा तिथेच.

कॅलिपर बदलायचा तो पिस्टन अडकला तर. पॅड काढल्यावर क्लॅम्पने पिस्टन हळूहळू आत दाबा. एकसारखा गेला आणि धुळीचं रबर अखंड असेल, ऑइल झिरपत नसेल तर तो ठणठणीत आहे. अडकत असला तरी अनेक कॅलिपरना सील किट मिळतं. तुमच्या यादीतला ३.२ हा आकडा न बघता लिहिलेला आहे.

वळणावळणाने

माझा अनुभव उलटा, म्हणून लिहितो. माझं पुढचं उजवं चाक तापायचं. गाडी थांबवून रिमजवळ हात नेला तरी धग लागायची. मेकॅनिकने कॅलिपर बदलला. आठ दिवसांत पुन्हा तेच. मग पॅड बदलले. पुन्हा तेच. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी चाक जॅकवर घेतलं, ब्रेक दाबून सोडला, चाक फिरेना. त्यांनी कॅलिपरचं एअर काढायचं निप्पल जरासं सैल केलं, पिचकारीसारखं चमचाभर ऑइल आलं आणि चाक हाताने गरकन फिरलं. "ऑइल परत जात नाही, होज आतून फुगलाय." होज बाहेरून नव्यासारखा दिसत होता. एका रबरी नळीपायी कॅलिपर आणि पॅड दोन्हींचे पैसे गेले.

तेव्हा कॅलिपर बदला म्हणणाऱ्याला आधी निप्पल उघडून दाखवायला सांगा. निप्पल उघडल्यावर चाक सुटलं तर दोष दाबाच्या बाजूला, नाहीच सुटलं तर पिस्टन किंवा पिन.

सायलेन्सर_ताई

+१. माझ्या मते या धाग्यातला सर्वांत पैसे वाचवणारा प्रतिसाद.

निवांत_चालक

मग डिस्कचं काय? २०.६ म्हणजे २० च्या वरच आहे. डाव्या डिस्कवर नखाला लागेल अशी एक चरी आहे. ठेवू, की लेथवर घासून घेऊ?

लेथ_आणि_लोखंड

लेथवर घासणं हा माझा धंदा आहे, तरी सांगतो, घासू नका. चरी जाईपर्यंत दोन्ही बाजूंनी पाव-पाव मि.मी. जरी उतरवलं तरी २०.१ उरतं. त्यावर नवे पॅड घालून काय उपयोग?

आणि इथे तुमच्या सर्व्हिस सेंटरची बाजू घ्यावी लागतेय. ५८ हजारांत डाव्या डिस्कने १.४ मि.मी. गमावलंय. पुढचा पॅडचा सेट तेवढाच चालला तर डिस्क त्याच्या मध्यावरच २० च्या खाली जाणार. तेव्हा डिस्क बदलाल आणि अर्धे झिजलेले पॅडही टाकाल, कारण जुन्या डिस्कवर बसलेले पॅड नव्या सपाट डिस्कवर नीट टेकत नाहीत. मजुरी दुसऱ्यांदा. आज पॅडसाठी कॅलिपर उघडणारच आहे, डिस्क काढायला फार तर दोन बोल्ट जास्त. माझं मत, दोन्ही डिस्क आत्ताच घ्या. दोन्ही म्हणजे दोन्ही, एका ॲक्सलवर एक जुनी एक नवी ठेवलीत तर ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला खेचू शकते.

खटारा_झिंदाबाद

म्हणजे शेवटी सर्व्हिस सेंटरवालेच बरोबर!

लेथ_आणि_लोखंड

डिस्कबाबत बरोबर निघाले, मोजून नव्हे. चालू घड्याळ पाच मिनिटं पुढे असतं आणि बंद घड्याळ दिवसातून दोनदा बरोबर असतं, तसं.

मागचे शू आणि ड्रम यांना हात लावायची गरज नाही. ४ मि.मी. लायनिंग भरपूर आहे आणि ड्रमला ०.७ मि.मी. शिल्लक आहे. मागच्या ब्रेकवर मुळात भार कमी असतो. साफसफाई, ॲडजस्टमेंट, हँडब्रेकची केबल बघणं, संपलं.

पहिलीच_गाडी

माझा बाळबोध प्रश्न. ब्रेक ऑइल बदलायचं कशाला? ते जळत नाही, गळत नाही. डबीत पातळी बरोबर आहे. माझ्याकडून दर दोन वर्षांनी पैसे घेतात.

वळणावळणाने

ते हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून. डॉट हा ब्रेक ऑइलचा प्रकार सांगणारा नंबर. डॉट ४ चं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळता कामा नये असा मापदंड आहे. त्यात साधारण ३.७ टक्के पाणी मिसळलं की हीच मर्यादा १५५ वर येते. डॉट ३ ला २०५ आणि १४०. लांब उतारावर ब्रेक दाबत आलात की कॅलिपरमधलं ऑइल तापतं, त्यातल्या पाण्याची वाफ होते, वाफ दबते आणि पेडल पोकळ होऊन खाली जातं. ऑइल दिसायला स्वच्छ असलं तरी. तेव्हा दोन वर्षांनी बदलणं हा पैसे उकळण्याचा प्रकार नाही.

डबीची पातळी मात्र फसवते. पॅड झिजतात तसे पिस्टन बाहेर येतात आणि पातळी हळूहळू उतरते. ती बघून वरून ऑइल ओतलंत आणि नंतर नवे पॅड टाकताना पिस्टन मागे दाबले की डबी उतू जाते. ऑइल रंगावर पडलं तर रंग सोलून निघतो. माझ्या बॉनेटखाली तळहाताएवढा डाग आहे, त्याचं मूळ हेच.

आणि झाकणावर लिहिलेलंच घाला. डॉट ५ हा नंबर मोठा म्हणून भारी असं नाही. ते सिलिकॉनचं असतं, डॉट ३-४ मध्ये मिसळत नाही. ५.१ हे वेगळं, ते डॉट ४ च्याच जातीचं.

सायलेन्सर_ताई

पॅड कुठल्या कंपनीचे घ्यायचे यावर कोणी बोललं नाही. मूळ कंपनीच्या डब्यातले महाग असतात, आणि अनेकदा तेच पॅड बनवणाऱ्याच्या स्वतःच्या नावाने स्वस्त मिळतात. नावाशिवायचे मात्र नको. पॅडच्या मागच्या पट्टीवर काय छापलंय ते बघा. गोलातला ई आणि "९०आर"ने सुरू होणारा क्रमांक असेल तर तो पॅड युरोपीय चाचणीत मूळ पॅडच्या १५ टक्के आत-बाहेर इतकाच वेगळा निघालेला असतो. काहींवर दोन इंग्रजी अक्षरं असतात, पहिलं थंड असतानाच्या घर्षणाचं, दुसरं तापल्यावरचं. एफ म्हणजे गुणांक ०.३५ ते ०.४५, ई म्हणजे ०.२५ ते ०.३५. "एफई" दिसलं तर तापल्यावर पकड उतरते, एवढं समजा. खोटा माल विकणारा खोटं छापूही शकतो, त्यामुळे दुकान ओळखीचं हवं.

विजेवर_स्वार

माझी इलेक्ट्रिक. ७० हजार झाले, पॅड जवळजवळ नव्यासारखे, कारण वेग कमी करायचं बरंचसं काम मोटरच करते. तरी डिस्क बदलायला लागल्या! वापरच नसल्याने मागच्या डिस्कवर गंज चढून पॅडखालचा पट्टाच खडबडीत झाला. आता आठवड्यातून एकदा मागे कोणी नसताना मुद्दाम जोरात ब्रेक मारतो.

शिवाय हँडब्रेक मोटरवाला असेल तर मागचे पॅड घरी बदलायच्या भानगडीत पडू नका. आधी स्कॅनरने किंवा मेनूतून सर्व्हिस मोड लावावा लागतो, मगच पिस्टन मागे जातो. तसाच क्लॅम्पने दाबला तर आतला स्क्रू मोडतो आणि मग कॅलिपर खरोखरच घ्यावा लागतो.

पहिलीच_गाडी

व्हिडिओ बघून पुढचे पॅड स्वतः बदलले तर? मजुरी वाचेल.

खटारा_झिंदाबाद

वाचते. माझी वाचली आणि फाटक गेलं. पॅड घातले, चाकं लावली, नट आवळले, हात धुतले, गाडीत बसून रिव्हर्स टाकला. ब्रेक दाबला तर पेडल थेट फरशीला. पिस्टन मागे दाबलेले असतात ना, पहिले काही पंप ते पॅडपर्यंत यायलाच जातात. ते उभ्या गाडीत मारायचे असतात हे व्हिडिओत होतं, पण मी शेवटची दोन मिनिटं बघितली नव्हती. तिसऱ्या पंपाला ब्रेक लागला, फाटक दुसऱ्या पंपाला लागलं.

तेवढं सोडलं तर काम सोपं आहे. आणि कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवू नका, तारेने बांधून ठेवा.

लेथ_आणि_लोखंड

या प्रतिसादासाठी मागचं सगळं माफ.

निवांत, डिस्क बसवताना एक गोष्ट स्वतः उभं राहून करून घ्या. जुनी डिस्क निघाली की हबच्या (डिस्क आणि चाक ज्यावर बसतात तो भाग) तोंडावर गंजाचे पापुद्रे दिसतील. ते तारेच्या ब्रशने लख्ख करून मगच नवी बसवायची. डिस्क आणि हब यांच्यामध्ये एक पापुद्रा राहिला तरी डिस्क वाकडी फिरते. ०.०५ मि.मी.च्या पुढे वाकडी फिरली की काही हजार किलोमीटरमध्ये ती एका जागी जास्त झिजते आणि ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरायला लागतं. मग सगळे म्हणतात "डिस्क बेंड झाली". बहुतेक वेळा ती तापून बेंड झालेली नसते, अशीच वाकडी बसवलेली असते. माझ्याकडे लेथवर येणाऱ्या निम्म्याअधिक डिस्कच्या मागे गंजाचा शिक्का असतो.

चाकाचे नटही गनने ठोकू देऊ नका. गनने जवळ आणायचे आणि टॉर्क पान्याने (ठरावीक जोर मोजून आवळायचा पाना), समोरासमोरच्या क्रमाने आवळायचे.

निवांत_चालक

काम झालं. एका छोट्या गॅरेजमध्ये केलं, मापांचा कागद आधीच हातात दिला. मिस्त्री कागद बघून थोडा चिडला, मग डावी खालची पिन पकडून बघितली आणि म्हणाला, "ही तर हलतच नाही." पाना लावून, पेनिट्रेटिंग ऑइल मारून अर्ध्या तासाने निघाली. पिनेवर तांबूस गंजाचा थर आणि बूटला बाजूने चीर. दुसऱ्या तिघी बोटाने सरकत होत्या. पिस्टन दोन्ही सरळ आत गेले.

बिल त्याच मापात: पॅड १, डिस्कची जोडी २.२, पिना आणि बूटचं किट ०.२, ऑइल ०.३, मजुरी ०.८. एकूण ४.५. मागे ड्रम उघडून साफ करून दिले, ते मजुरीतच. जुने पॅड मागून घेतले.

नव्या पॅड-डिस्कना बसवायला म्हणून त्यानेच रिकाम्या रस्त्यावर आठ-दहा वेळा ५०-६० वरून १० पर्यंत वेग उतरवला, पूर्ण थांबू न देता, आणि मधेमधे गार होऊ दिलं. येताना थोडा जळका वास आला, तो साहजिक आहे म्हणाला. आवाज गेला. गाडी आधी किंचित उजवीकडे जायची ते मला कधी जाणवलंच नव्हतं, आता सरळ थांबते तेव्हा कळलं.

सर्वांचे आभार. काकांचा व्हर्नियर परत केला.

लेथ_आणि_लोखंड

उत्तम. किती चालली त्यानंतर?

निवांत_चालक

ऐंशी किलोमीटर असेल. का?

लेथ_आणि_लोखंड

चाकाचे नट पुन्हा तपासलेत का? नव्या डिस्क बसतात तेव्हा पहिल्या ५०-१०० किलोमीटरनंतर एकदा टॉर्क बघायचा असतो.

निवांत_चालक

नाही. काकांकडे टॉर्क पाना आहे का बघतो.